तीस युनिटांखालची घरं

माझ्या जिभेला हाड नाही असं आमच्या ऑफिसात सगळेच म्हणतात, आणि बरीच वर्षं मला त्याचा अभिमानच होता. कर खात्याच्या चार नंबरच्या खिडकीवर मी सतरा वर्षं बसते आहे. समोरचा माणूस खोटं बोलायला लागला की त्याचं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत मला कळतं. निदान असं मी मानत होते.

मागच्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी वरून एक सवलत जाहीर झाली. विजेची बिलं लोकांच्या गळ्याशी आली होती. हीटर लावला तर बिल परवडेना, न लावला तर घरात बसवेना. तेव्हा ज्या घरात माणसं राहतात, त्या घराच्या घरपट्टीत भरघोस सूट द्यायची असं ठरलं. अर्ज एका पानाचा. आम्हाला वाटलं, चला, आयुष्यात पहिल्यांदा लोक आपल्याकडे हसत येतील. कसलं काय! पहिल्या महिन्यातच आमच्या नाकी नऊ आले. दोन-दोन, तीन-तीन घरं असलेली मंडळी कुलूप ठोकून ठेवलेल्या घरांवरसुद्धा सवलत मागायला लागली.

साहेबांनी बैठक घेतली. "बंद घर ओळखायचं कसं?" त्यांनी विचारलं.

"सोपं आहे," मी म्हणाले. "मीटर खोटं बोलत नाही. थंडीच्या महिन्यांत तीस युनिटांच्या खाली वापर असेल तर ते घर बंद. अर्ज नामंजूर, पत्र रवाना."

माझ्या शेजारच्या टेबलावर जे गृहस्थ बसतात त्यांना आम्ही खोडरबर म्हणतो, कारण दुसऱ्याने लिहिलेलं कुठलंही वाक्य ते थोडं तरी पुसल्याशिवाय पुढे सरकू देत नाहीत. ते चष्मा पुसत म्हणाले, "तीस जास्त होतात. पंधरा करा. एखादं म्हातारं माणूस एकटं राहत असेल. आणि पत्र पाठवण्याआधी कोणीतरी घर बघून यावं."

"अकराशे घरं कोण बघणार, तुम्ही?" मी म्हणाले. "आणि तीस युनिटांत माणूस राहत नाही हो. फार तर झुरळं राहतात."

सगळे हसले. साहेबही हसले. खोडरबरांनी चष्मा पुन्हा डोळ्यावर चढवला. नियम माझा मंजूर झाला, साहेबांनी पाठ थोपटली, आणि पत्रावर सहीही माझीच राहू द्या म्हणाले. मी एका कोऱ्या कागदावर एकदाच सही केली. मशीनने ती अकराशे चौदा पत्रांखाली छापली. पत्रात लिहिलं होतं, 'मीटरच्या नोंदीवरून सदर घरात कोणीही वास्तव्यास नसल्याचे दिसून येते. सबब आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.' ते वाक्यही माझंच. यादीत नावं नव्हती, नुसते मीटरचे नंबर होते. नावं असती तरी मी वाचली असती की नाही, देव जाणे.

हरकत घ्यायला तीस दिवस दिले होते. एकोणतिसाव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना, एक बाई खिडकीशी आली. पन्नाशीची, धिप्पाड, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि कोपरावर पिठाचा पांढरा डाग.

"ताई, एका काकांचं काम होतं. त्यांच्या घरात कोणी राहत नाही असं पत्र गेलंय तुमच्याकडून. पण ते राहतात."

"पत्र दाखवा."

"पत्र नाही आणलं. देत नाहीत ते. टेबलाच्या काचेखाली घालून ठेवलंय. नंबर तेवढा उतरवून आणलाय मी." तिने पावाची एक कागदी पिशवी घडी करून खिशात ठेवली होती, ती काढायला लागली.

"अर्जदार स्वतः का नाही आले?"

"नाही म्हणतात. ऑफिसने लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, म्हणतात."

"मग तर प्रश्नच मिटला," मी म्हणाले आणि घड्याळाकडे बघितलं.

बाई उखडली. "प्रश्न कसा मिटला? अहो, जिता-जागता माणूस आहे तो! त्यांच्या घरासमोरच माझी बेकरी आहे, वर मी राहते. सकाळी आठला येतात, माझ्या भट्टीच्या भिंतीला पाठ लावून बसतात, ते संध्याकाळी मी दुकान बंद करेपर्यंत. घरी हीटर लावत नाहीत. फुकट बसतात असंही नाही, माझ्या सगळ्या पाट्या रंगवतात, आजचा पाव कुठला, उद्याचा कुठला, रोज नवी पाटी. ही पिशवीसुद्धा त्यांनीच लिहून दिली, मग मी छापून घेतली." तिने पिशवी खिडकीतून आत सरकवली.

पिशवीच्या एका बाजूला बॉलपेनने मीटरचा नंबर होता. दुसऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'रोज ताजा पाव'. आणि शेवटच्या अक्षराला लांब शेपूट होतं. ते डावीकडे वळून अख्ख्या ओळीखालून धावत गेलं होतं आणि पहिल्या अक्षराच्या पायाशी येऊन थांबलं होतं.

ते शेपूट माझ्या सहीला आहे. मी अकरा वर्षांची असताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला ती सही बसवून दिली होती. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. "माणसाचं नाव म्हणजे त्याची पाटी," म्हणायचे. "घाईत रंगवायची नाही." तीनशे वेळा गिरवून घेतली होती माझ्याकडून.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी नंबर मशीनमध्ये घातला. नाव आलं, पत्ता आला. वापर, बावीस युनिट.

खोडरबर माझ्याकडे बघत होते. मी उठले तशी काही न विचारता ते माझ्या खुर्चीत येऊन बसले. मी हरकतीचा कोरा फॉर्म घेतला आणि त्या बाईबरोबर बाहेर पडले. बसमध्ये शेजारी बसल्यावर मी तिला सांगितलं, "ते माझे वडील आहेत."

तिने मान वळवून मला नीट पाहून घेतलं. मला वाटलं, आता ही मला फैलावर घेणार. पण ती एवढंच म्हणाली, "अच्छा. ऑफिसवाली मुलगी. खूप सांगतात तुमच्याबद्दल."

तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता हे सांगायलाच हवं. अण्णा माझ्यापासून चाळीस मिनिटांवर राहतात, एका बसच्या अंतरावर. आई गेल्यापासून एकटे. त्यांचं वीजबिल आणि घरपट्टी माझ्या खात्यातून जाते, म्हणजे जबाबदार मुलगी आहे मी. दर रविवारी फोन करते. जेवलात का, औषध घेतलंत का, बरं ठेवते. दोन वर्षांपूर्वी थंडीत त्यांचं बिल जरा फुगून आलं. त्या दिवशी ऑफिसात कोणाशी तरी वाजलं होतं, डोकं फिरलेलं होतं. मी फोन करून म्हणाले, "अण्णा, घर तापवताय का अख्खी गल्ली? माझा पगार काय झाडाला लागतो?"

ते हसले. "बरं बाईसाहेब. हुकूम," म्हणाले. मला लहानपणापासून ते बाईसाहेबच म्हणतात.

पुढच्या महिन्यात बिल निम्मं आलं. मग त्याहून कमी. दर महिन्याला माझ्या फोनवर आकडा येत होता आणि दर महिन्याला तो आकडा बघून मला बरं वाटत होतं. ऑफिसात मी फुशारकीसुद्धा मारली होती, "आमच्या अण्णांचं बिल बघा! लोकांना वीज वापरता येत नाही, नुसती रडतात." एकदाही माझ्या मनात आलं नाही की इतक्या कमी विजेत माणूस करत काय असेल. दुसऱ्यांची मीटरं वाचण्यात मी पटाईत होते.

तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना ती बेकरीवाली पुढे आणि मी मागे होते. गुरुवारी तिची अर्ध्या दिवसाची सुट्टी असते, त्यामुळे अण्णा घरीच असणार हे तिला माहीत होतं. मला नव्हतं.

दार उघडलं. अण्णांनी बाहेर जायचा कोट घातला होता, कानावर लोकरीची टोपी, आणि हातमोज्यांची बोटं कापलेली, ब्रश धरता यावा म्हणून.

"अरे! बाईसाहेब! अशा अचानक?" त्यांचा चेहरा इतका उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना. पुढच्याच क्षणी ते लगबगीने आत वळले, भिंतीशी वाकले आणि हीटरचं बटण दाबलं. खट्. "बसा बसा, आत्ता गरम होईल. कोणी आलं की लावतो मी."

हीटरमधून जळक्या धुळीचा वास यायला लागला. खूप दिवस न लावलेल्या हीटरला येतो, तसा. म्हणजे खूप दिवसांत कोणी आलं नव्हतं.

मी घरभर नजर फिरवली. दोनच खोल्या. फ्रिजचं दार उघडं, मध्ये वर्तमानपत्राची गुंडाळी अडकवलेली, आत काही नाही. दुधाचं पातेलं खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर, वर झाकण, झाकणावर दगड. दिवा एकच, तोही टेबलावरचा. टेबलावर अर्धवट रंगवलेली पाटी होती, आणि टेबलाच्या काचेखाली, जिथे पूर्वी आईचा आणि माझा फोटो होता, तिथे फोटोच्या शेजारी ते पत्र. घडी न पडता, सरळ ठेवलेलं.

"अण्णा, हे पत्र मला का नाही दाखवलंत?"

"तुला काय दाखवायचं? तूच तर पाठवलंस." त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. "पाकीट फोडलं आणि आधी सहीच दिसली. म्हटलं, ही तर आपली सही! फक्त शेपूट जरा आखूड पडलंय. घाईत करतेस."

"वर काय लिहिलंय ते वाचलंत का?"

"वाचलं की."

"या घरात कोणी राहत नाही असं लिहिलंय."

"हो. पण तू सही केलीस म्हणजे काही नियम बघूनच केली असशील." ते टोमणा मारत नव्हते. मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधत होते, सापडला असता तर मला भांडता आलं असतं. "अर्जसुद्धा या बाईंनी आग्रह केला म्हणून केला. म्हटलं, घरपट्टी कमी झाली तर तुझ्यावरचा भार तेवढाच हलका होईल. तुला सांगणारच होतो, मंजूर झाल्यावर."

"आणि हीटर का लावत नाही?"

अण्णांनी बेकरीवालीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "लावतो की. हा काय."

"अण्णा."

"अगं, दिवसभर मी भट्टीपाशी. रात्री दोन ब्लँकेटं. मग ते पेटवून काय करायचं? तुझे कष्टाचे पैसे मी हवेत सोडू?"

मला तेव्हाच म्हणायचं होतं की माझं चुकलं. दोन वर्षांपूर्वी मी जे बोलले ते तोंडातून निसटलेलं होतं, तुम्ही ते का धरून बसलात. पण सतरा वर्षांत खिडकीमागून मी कोणालाही 'माझं चुकलं' म्हटलेलं नव्हतं, आणि सवय नसलेले शब्द वेळेवर येत नाहीत. मी पर्समधून फॉर्म काढला आणि म्हणाले, "हरकत घ्यायची आहे. उद्या शेवटचा दिवस. सही करा."

"तुझ्या सहीच्या विरुद्ध?" अण्णा दचकलेच. "छे छे. ऑफिसात तुझी काय शोभा राहील?"

"शोभा गेली खड्ड्यात. सवलत नाही मिळाली तर पुढचीही थंडी अशीच काढणार तुम्ही. करा सही."

"बरं बाईसाहेब. हुकूम."

त्यांनी हातमोजा काढला, बोटं तोंडाजवळ नेऊन त्यांवर दोनदा फुंकर मारली आणि सावकाश सही केली. थंडीने ओळ थरथरली. त्यांनाच ती आवडली नाही, हे मला दिसलं.

"आता साक्षीदार लागतो," मी म्हणाले.

हा भाग मीच फॉर्ममध्ये घातला होता. लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून वाटेल ते लिहून आणतात, म्हणून नुसत्या सहीवर भागू नये असं मी साहेबांना पटवलं होतं. साक्षीदाराने तीन प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या हाताने लिहायची. अर्जदाराशी नातं काय. अर्जदार या घरात राहतो हे आपणास कशावरून माहीत आहे. आणि, अर्जदारास या घरात आपण शेवटचे कधी पाहिले, तीन महिन्यांपूर्वी पाहिले असल्यास साक्ष ग्राह्य धरली जाणार नाही.

"साक्षीदार कशाला शोधायचा? तू आहेस ना," अण्णा म्हणाले. "सख्खी मुलगी. याहून भक्कम साक्ष कुणाची?"

मी पेन घेतलं. नात्याच्या जागी 'मुलगी' लिहिलं. दुसऱ्या प्रश्नावर थोडी अडखळले आणि तो सोडून तिसऱ्याकडे गेले. शेवटचे कधी पाहिले?

मी आठवायला लागले. सवलतीचं काम सुरू झाल्यापासून रविवारसुद्धा ऑफिसात गेले होते. त्याआधी मला बढतीची परीक्षा होती. त्याआधी एकदा आले होते, औषधांची पिशवी द्यायला, आणि खाली बस उभी होती म्हणून दारातूनच परत फिरले होते. तेव्हा अण्णा अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात होते. म्हणजे उन्हाळा होता. म्हणजे आठ महिने.

पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. आजची तारीख घालता आली असती, आज मी इथे होतेच. पण आज मी आले होते ती फॉर्म घेऊन. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला खिडकीवरून हाकलून दिलं असतं.

अण्णांना कळलं. त्यांना माझं सगळंच कळतं. ते जरा पुढे झुकून, हळू आवाजात, जणू परीक्षेत कॉपी पुरवल्यासारखे म्हणाले, "लिही ना, मागच्या रविवारी. रविवारी आपण बोललोच होतो फोनवर. तेच ते."

मला रडू आलं. बेकरीवालीसमोर, कोट घातलेल्या बापासमोर, मी ढसाढसा रडले. अण्णा नुसते "अगं, अगं" करत राहिले. मग बेकरीवालीने माझ्या हातातून पेन काढून घेतलं, फॉर्म आपल्याकडे ओढला, 'मुलगी' या शब्दावर एक रेघ मारली आणि त्याच्या वर लिहिलं, 'शेजारीण'. दुसऱ्या प्रश्नापुढे लिहिलं, 'रात्री नऊला यांच्या खिडकीत दिवा विझतो, तो बघूनच मी झोपते.' तिसऱ्यापुढे तिने एकच शब्द लिहिला, 'रोज'.

पुढचं सांगून टाकते. मुलीने वडिलांच्या फाइलला हात लावायचा नसतो, म्हणून ती खोडरबरांकडे गेली. ते स्वतः जाऊन घर बघून आले आणि चौथ्या दिवशी सवलत मंजूर झाली. मग त्यांनी ती अकराशे चौदांची यादी मागून घेतली आणि रोज ऑफिस सुटल्यावर दोन-दोन घरं बघायला लागले. मीही जाते. आतापर्यंत आम्हाला सदतीस माणसं सापडली आहेत. एकानेही आम्हाला दारातून हाकललेलं नाही, उलट चहा विचारतात. कोट घालून.

पण मला सांगायचं आहे ते त्या गुरुवारचं. निघताना मी अण्णांना बजावलं, "हीटर बंद करायचा नाही. बिल किती का येईना. माझी शपथ."

"हो हो. नाही करणार. तू नीट जा."

बेकरीवाली आधीच उतरून गेली होती. दार लागलं. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बुटाची नाडी बांधायला वाकले, तेवढ्यात आतून आवाज आला. खट्.

मी तशीच वाकलेली राहिले. एकदा वाटलं, जाऊ दे, सवलत मिळाली की लावतील. मग उलटी फिरले आणि बेल दाबली.

आत पावलं वाजली. पण ती दाराकडे नाही आली, आधी भिंतीकडे गेली. पुन्हा खट् झालं. आणि मगच दार उघडलं.

"काय गं," अण्णा हसत म्हणाले, "काही विसरलीस का?"